काही काम नाही, सहज!

परवाचीच गोष्ट. आषाढाची झड लागली होती. बचत गटाची बैठक म्हणून भराभरा आवरलं, घराला कुलूप लावलं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत येते तोच फोन, "ताई, पावसामुळं बायका येत नाहीत. पुढच्या मंगळवारी घेऊ." परत फिरावं असं एकदा वाटलं. पण भिजायची ती भिजलेच होते. म्हटलं, चला, आज वाईतून नुसतं चालून येऊ.

लग्न होऊन वाईत आले त्याला बावीस वर्षं झाली. बाजारात हजारदा गेले असेन, पण हातात पिशवी आणि डोक्यात यादी घेऊनच. त्या दुपारी गणपती आळी सामसूम होती. एरवी देवदर्शनाला आणि महाबळेश्वरला निघालेल्यांची केवढी वर्दळ! आज फक्त पागोळ्यांचा आवाज. दुकानदार अर्धं शटर ओढून आत चहा पीत बसलेले.

पाच मिनिटांच्या वाटेत तिघांनी हटकलं. "वहिनी, एवढ्या पावसाचं कुठं निघालाय?" "काही आणायचं राहिलं का?" तिसऱ्यांनी तर काळजीनंच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" सगळी ओळखीची, चांगली माणसं. पण मी उत्तर काय दिलं? "औषध आणायचंय." चक्क खोटं! पन्नाशीकडे झुकलेली, बायकांपुढं हक्कांवर बोलणारी मी, 'सहज फिरतेय' एवढं म्हणायला कचरले.

तशीच ढोल्या गणपतीपाशी आले. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, ही त्यामागची युक्ती. कृष्णामाई गढूळ होऊन फुगली होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. वरच्या पायरीवर छत्री धरून उभी राहिले आणि सासूबाई आठवल्या. घरात नळ आला तरी त्या दोन लुगडी बादलीत टाकून घाटावर यायच्या. "दगडावर आपटल्याशिवाय मळ निघत नाही," म्हणायच्या. मळ कसला! दोन घटका मैत्रिणींशी बोलायला मिळायचं. बादली हा त्यांचा घराबाहेर पडायचा परवाना होता. माझा परवाना पिशवी, तर आजच्या सुनांचा मुलांची शाळा आणि क्लास.

पुरुषांना असा परवाना लागतो का? पारावर, चहाच्या टपरीवर तासन् तास बसलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही, "काय काम काढलंत?" शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांवरचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आलं. बाई रस्त्यावर दिसली तरी आपण कामानंच आलोय हे तिला सतत दाखवावं लागतं, असं त्या तिघी सांगतात. मुंबईत ही गत, मग जिथं प्रत्येक जण आपल्याला 'अमक्यांची सून' म्हणून ओळखतो, त्या आपल्या गावांत काय सांगावं?

कुणी म्हणेल, रिकामं हिंडण्यात कसला आलाय हक्क? बायकांचे प्रश्न याहून मोठे आहेत. आहेतच. पण मला वाटतं, गाव आपलं वाटलं तरच आपण गावाकडं काही मागू. बसायला बाक हवा, रस्त्यावर दिवा हवा, बाजारात बायकांसाठी स्वच्छ मोरी-संडास हवा. पाहुण्यासारखं येऊन, काम उरकून, खाली मान घालून परतणारी बाई यातलं काय मागणार?

परतताना देवळाजवळच्या फुलवालीनं प्लॅस्टिकच्या कागदाखालून तोच प्रश्न टाकला. या वेळी धीर करून म्हटलं, "काही काम नाही, सहज आले." ती हसली. "मग बसा की घटकाभर!" म्हणत तिनं पोतं पुढं सरकवलं. अर्धा तास आम्ही दोघी पाऊस बघत बसलो. कुणाचं काही बिघडलं नाही.

मैत्रिणींनो, आठवड्यातून एकदा तरी पिशवी खुंटीला ठेवून बाहेर पडा. दुसरी कुणी अशी दिसली, तर "कुठं निघालीस?" न विचारता तिच्यासोबत चार पावलं चाला. आणि तुम्हाला कुणी विचारलंच, तर माझ्यासारखं औषधाचं निमित्त मात्र सांगू नका!