रुंद टायरने ग्रिप वाढत नाही

पावसाळा तोंडावर आला की आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते : मागचा टायर एक-दोन मापं मोठा टाकून द्या. एनएस २०० या मोटारसायकलला कंपनीने १३० मिलिमीटरचा दिलाय, तर १५० पाहिजे. ड्यूकला १५० आहे, तर १६०. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. लोणावळ्याला जायचंय, पवनेकडे उतरायचंय, ग्रिप वाढली पाहिजे. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर मागे टाकला, तर मावळातल्या रस्त्यांवर ग्रिप वाढत नाही. गाडी वळायला जड होते, आणि ओल्या डांबरावर धोका वाढतो.

आमचं दुकान कामशेतजवळ, जुन्या मुंबई-पुणे हायवेला. वडिलांच्या काळात इथे मुख्यतः ट्रकचे टायर खोलले जायचे. २००२ साली एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि ट्रकची मोठी रांग तिकडे वळली. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुण्याकडून लोणावळ्याला निघालेली बहुतेक प्रत्येक मोटारसायकल आमच्या दारावरून जाते. रविवारी उजाडायच्या आत तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत या गाड्यांचा आवाज घुमत असतो. कुणी भुशी धरणावरून आयएनएस शिवाजीच्या पुढे टायगर पॉइंटकडे, कुणी कामशेतहून पवनानगर, तिकोना, तुंगच्या बाजूला. या पोरांचे टायर रोज हाताखालून जातात, म्हणून हे लिहितोय.

आधी ग्रिपचा हिशोब करू. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. स्वारासकट मागच्या चाकावर साधारण १२० किलो भार आला आणि टायरमध्ये ३० पौंड हवा असली, तर टेकलेली जागा साठेक चौरस सेंटिमीटर भरते. ती ठरते मुख्यतः भारावर आणि हवेवर. टायर रुंद केला म्हणून ती फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. लांबट पट्टा आडवा आणि आखूड होतो. पावसाचं पाणी कापत पुढे जायला लांबट पट्टा बरा. आडवा पट्टा पाण्यावर लवकर तरंगतो. म्हणजे ज्या दिवसांसाठी पोरं रुंद टायर मागतात, त्याच दिवसांत तो जास्त दगा देतो.

मग मोठ्या रेसच्या गाड्यांना एवढे जाड टायर कशाला, असा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर ताकदीत आहे. मोटोजीपीच्या गाडीची ताकद अडीचशे अश्वशक्तीच्या वर. ती मागच्या चाकातून रस्त्यावर उतरवायची आणि त्यातून निघणारी उष्णता पचवायची, तर रबर भरपूर लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ही मंडळी आली, तेव्हा त्यांच्याबरोबर कमी ताकदीच्या मोटो३ वर्गाच्या गाड्याही धावल्या. त्यांचा मागचा टायर ११५ मिलिमीटरच्या आसपास, एनएसपेक्षाही बारीक. तरी त्या कोपर टेकेपर्यंत झुकतात. आपल्या एनएसची ताकद साडेचोवीस. तिला १५० टायर कुठल्या कामाचा?

आता रिमकडे या, कारण सगळा घोळ तिथे होतो. १३०/७० मापाच्या टायरला साडेतीन इंची रिम हवी, १५०/६० ला चार इंची, १६०/६० ला साडेचार. पोरं टायर बदलतात, रिम तीच ठेवतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोकदार वर येतो. सरळ रस्त्यावर गाडी त्या टोकावर चालते, म्हणून टायर मधोमध लवकर झिजतो. वळणात झुकताना गाडी आधी अडते, मग एकदम पडल्यासारखी आत जाते. बारीक पुढचा आणि फुगलेला मागचा, अशी जोडी झाली की दोन्ही चाकांचा वळण्याचा सूर जुळत नाही. त्यातून रुंद टायरवर तेच वळण त्याच वेगात घ्यायला गाडी जरा जास्तच झुकवावी लागते, कारण टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून लांब सरकते. फरक अंशाच्या आतबाहेरचा, पण ओल्या घाटात तो अंश महाग पडतो.

यातली एक गोष्ट मला जास्त छळते. टायरच्या कडेला न घासलेली जी चकचकीत पट्टी उरते, तिला पोरं 'चिकन स्ट्रिप' म्हणतात. ती उरली म्हणजे तुला गाडी झुकवता येत नाही, अशी एकमेकांची थट्टा चालते. टोकदार झालेल्या रुंद टायरची ही कड रस्त्याला लागणं मुळातच अवघड. मग ती पट्टी घालवायला पोरगा टायगर पॉइंटच्या वळणांवर गाडी आणखी पाडतो. तिथे धुकं असतं, कडेला शेवाळ असतं, आणि समोरून कणीस खात फोटो काढणारी कुटुंबं चालत असतात.

मागे एनएसवाला एक मुलगा असाच हटून बसला. "काका, मागून भरलेली दिसली पाहिजे," म्हणाला. मी त्याला गाडीच्या मागे उकिडवा बसवला आणि चेन आणि टायरच्या मधल्या फटीत बोट घालायला सांगितलं. मूळ टायर असताना बोट सहज गेलं. "आता दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर रबर वाढव," म्हटलं. तो गप्प झाला. आषाढात पवनेच्या रस्त्याला भातलावणी चालू असते. खाचरात चिखलणी करून ट्रॅक्टर बाहेर पडतो, त्याच्या लोखंडी चाकांबरोबर लोण्यासारखा चिखल डांबरावर येतो. तो चिखल त्या फटीत बसला की चेन, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आणि टायर सगळं एकमेकांना घासायला लागतं. इंद्रायणी भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. हा रस्ता आधी त्याचा आहे.

कंपन्याही टायर रुंद करतात, हे खरं. यामाहाच्या आर१५ ला २००८ साली मागे १०० मिलिमीटरचा टायर होता, २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत १३० आला, २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत १४०. पण प्रत्येक वेळी पुढचा टायरही वाढला, ८० चा ९०, मग १००. पहिल्या बदलात रिम रुंद झाल्या, स्विंगआर्म नवा आला, दोन चाकांमधलं अंतर १२९० वरून १३४५ मिलिमीटर झालं. तिसऱ्या आवृत्तीत तेच अंतर पुन्हा १३२५ वर आणलं. एका टायरसाठी त्यांनी सगळी गाडी नव्याने बसवली. ते काम दुकानातल्या पान्याने अर्ध्या तासात होत नसतं.

ग्रिप हवीच असेल तर ती कुठून येते, याचा पुरावा आपल्या शेजारी चाकणला तयार झाला. बजाजच्या कारखान्यातून २०१२ साली ड्यूक २०० बाहेर पडली, मागे १५०/६० चा एमआरएफ. पुढच्या वर्षी ३९० आली. माप तेच १५०/६०, फक्त टायर मेत्झेलर, रबर मऊ आणि बांधणी रेडियल. दोन्ही चालवलेल्या कुणालाही विचारा, फरक पहिल्याच वळणाला कळतो. रुंदी मिलिमीटरभरही बदललेली नव्हती. पैसे घालायचे तर तिथे घाला : त्याच मापात चांगलं रबर, गाडीला चालत असेल तर रेडियल.

रुंद टायरची खरी जागाही आपल्या तालुक्याला लागूनच बघायला मिळाली आहे. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाच्या ड्रॅग शर्यती भरत आल्या आहेत. सरळ पट्टा, वळण नाही, हिरवा दिवा लागला की सगळी ताकद मागच्या चाकात. तिथे जाड टायर शोभतो आणि कामालाही येतो. पण त्या धावपट्टीपर्यंत जाणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं आहेत.

सुपरबाइकवरून उतरवलेले वापरलेले टायर स्वस्तात विकण्याचा धंदाही हल्ली जोरात आहे. नक्षी भरपूर दिसते म्हणून पोरं भुलतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला शिका. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. तेवढ्या वर्षांत रबर कडक होतं, नक्षी कितीही खोल असो. मी असे टायर घेत नाही, विकत नाही.

हवेचंही तसंच. घाट चढून लोणावळ्यात आल्यावर पंपावर तपासली तर काटा दोन-चार पौंड जास्त दाखवतो, कारण टायर तापलेला असतो. लोक तिथेच हवा काढतात. परतीला टायर गार झाला की ती कमी पडते आणि गाडी डुलते. हवा बघायची ती घरून निघताना, टायर गार असताना, चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे.

माझी खरी तक्रार आमच्याच धंद्याशी आहे. गिऱ्हाईक मागतं म्हणून आपण देतो, आणि मोठा टायर महाग असतो म्हणून हसत देतो. देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंतच्या प्रत्येक टायरवाल्याला माझं सांगणं आहे : बिलावर रिमची रुंदी लिहा, टायरला लागणारी रुंदी शेजारी लिहा, आणि दोन्ही जुळत नसतील तर टायर चढवू नका. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल, तर जाऊ द्या. पुढच्या दुकानानेही नाही म्हटलं, तर ते मूळ माप घालूनच घाटात जाईल.