गाणं कुठं असतं, हे बाईला कोण सांगतं?

लग्न होऊन परगावी आलेल्या बाईला पहिल्या महिन्यात पुष्कळ माहिती मिळते. पिठाची गिरणी कुठं आहे, नळाला पाणी कधी येतं, कोणता डॉक्टर बरा, कोणाच्या घरी जायचं नाही. सासू सांगते, जाऊ सांगते, शेजारीण सांगते. गाणं कुठं असतं ते मात्र कुणी सांगत नाही. रेडिओवरचं किंवा मोबाईलवरचं गाणं मी म्हणत नाही. माणूस समोर बसून गातो, वाजवतो आणि आपण चारचौघांत बसून ऐकतो, ते गाणं. त्याचा पत्ता पानठेल्यावर, हॉटेलच्या बाकड्यावर किंवा ऑफिसात वाटल्या जाणाऱ्या फुकट पासांवर असतो. या तिन्ही ठिकाणी बाई नसते. पासावर ‘सहकुटुंब’ छापलेलं असलं तर तिची वर्णी लागते, तीही नवऱ्याला त्या दिवशी हौस असेल तर.

मी मिरजेची. तंबोरे-सतारी तयार होणाऱ्या गल्लीवरून शाळेत जाणारी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी उरुसाला गाणं होतं. तिथं आईच्या मांडीवर झोपत-उठत मी मोठी झाले. १९८८ साली लग्न होऊन अमरावतीला आले, ती मराठी मुलखातून मराठी मुलखातच. पण वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे गेलेला आणि १९५६ पर्यंत पुण्या-मुंबईच्या राज्यात नसलेला प्रांत. बोली वेगळी, जेवण वेगळं, गाणंही वेगळं. इथं गाणं नाही असं मला वर्षभर वाटत होतं, कारण घरात सगळे तसंच म्हणायचे. ‘इथं काय आहे, पुण्या-मुंबईसारखं?’

गाण्याचा पहिला पत्ता मला दिला तो आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी. एप्रिल महिना होता. फ्रेजरपुऱ्यात भीमगीतांचा कार्यक्रम आहे, दोन पार्ट्या येणार आहेत, ‘या न ताई, पुढंच बसू आपण,’ असं म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, ‘तिकडं कायले जातं वं? आपल्यातलं कोणी जाते का?’ प्रश्नात रात्रही होती आणि जातही होती. दोन्ही एकाच वाक्यात बसतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं.

विदर्भात या कार्यक्रमांच्या पोस्टरवर ‘दुय्यम सामना’ असं लिहिलेलं असतं. दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा नव्हे, दोन पार्ट्यांचा. एका बाजूला गायक आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूला गायिका. तिच्या मागं हार्मोनियम, ढोलक, कोरस. समोरच्यानं बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर गाणं टाकलं की हिनं त्याला तोडीचं उत्तर द्यायचं. मंडपात सतरंज्यांवर बाया, मांडीवर पोरं, डबे बरोबर आणलेले. एखादी ओळ आवडली की मधूनच उठून दहाची नोट पेटीवर ठेवून येणाऱ्या बाया मी तिथं पाहिल्या. सदाशिव पेठी मैफलीत ‘वा’ म्हणतानासुद्धा बाईचा आवाज दबका असतो. इथं दाद द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बाईला रात्री बसून समोरचं गाणं ऐकता येईल अशी अमरावती-अकोल्यातली सर्वांत मोकळी जागा कोणती, असं मला आज कुणी विचारलं, तर मी बुद्धविहाराशेजारचं मैदान सांगेन. आमच्या गटातल्या शिकलेल्या, गाण्याच्या परीक्षा दिलेल्या किती सवर्ण मैत्रिणी दोन गल्ल्या ओलांडून तिथं गेल्या आहेत? अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून याच शहरात १९२७ साली चळवळ झाली. मंडपाला तर दारही नसतं, तरी आपण आत जात नाही.

हा विषय आत्ता पुन्हा डोक्यात येण्याचं कारण माझ्या नणंदेची मुलगी. अकोल्याची. २०१८ साली शिकायला शिकागोला गेली. तिला जॅझचा नाद होता. हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. गुलामीच्या गाण्यांतून, चर्चमधल्या भजनांतून, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या बँडमधून ते आलं. वाजवणारा ठरलेल्या चालीत राहून आयत्या वेळी सुचेल तसं वाजवतो. आपल्या गाण्याला ते फार परकं नाही. जाऊन महिना झाला नाही तोच ती ‘ग्रीन मिल’ नावाच्या जुन्या क्लबात एकटी जाऊन बसली. फोनवर तिच्या आईनं विचारलं ते आम्ही सगळ्यांनीच विचारलं असतं : रात्रीची, एकटी, क्लबात? ती मला म्हणाली, ‘मामी, पाटीवर लिहिलं होतं, कोण वाजवणार, किती वाजता, किती पैसे. आणि परत यायला गाडी रात्रभर असते. मग विचारायचं कुणाला?’

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. तिच्यात अकोला सोडल्यावर एकाएकी काही धाडस आलं नव्हतं. शिकागोतली रेड लाइन चोवीस तास धावते आणि क्लबाजवळच तिचं स्टेशन आहे. माहिती दारावर आहे, ती मिळवायला कुणाच्या नवऱ्याची ओळख लागत नाही. बाईचं धाडस म्हणून ज्याचं आपण कौतुक करतो, त्यातला बराच भाग वेळापत्रकाचा असतो.

पण तिकडचं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या प्रसिद्ध ‘कॉटन क्लब’मध्ये १९२०-३० च्या काळात वाजवणारे काळे आणि ऐकायला परवानगी फक्त गोऱ्यांना, अशी रीत होती. बायांचं म्हणाल तर त्यांनी गावं, वाद्याला हात लावू नये, असाच तिकडचाही कल. लिल हार्डिन ही मेम्फिसची मुलगी आईबरोबर १९१८ साली शिकागोला आली. परक्या शहरात तिला गाण्याचा पत्ता मिळाला तो एका दुकानात. स्वरलिपीचे कागद विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकांना पियानोवर चाल वाजवून दाखवायची नोकरी तिला लागली आणि तिथं येणाऱ्या वादकांमधून ती बँडमध्ये गेली. असलं संगीत आईला मुळीच पसंत नव्हतं. पुढं १९२५ सालच्या लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’मध्ये पियानो तिचा होता. तिनं चालीही बांधल्या. तरी बरेच दिवस तिची ओळख ‘आर्मस्ट्राँगची बायको’ एवढीच सांगितली जायची. ओळखीचं वाटतं ना? मुद्दा इतकाच की नव्या शहरात बाईला आत जायला एक दार लागतं, आणि ते बहुधा तिच्या कामाच्या जागेवरून उघडतं. माझ्या बाबतीत ते मोरीवरून उघडलं.

आता आपल्याकडचं वेळापत्रक पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद केले. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगला आहे, आजारी माणसांना आणि अभ्यास करणाऱ्या पोरांना त्याची गरज आहे. पण त्याचा बायांवर काय परिणाम झाला ते कुणी मोजलं नाही. पूर्वी भजन, कव्वाली, खडी गंमत रात्रभर चाले. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत, तेव्हा खेड्यापाड्यांतून बाया बैलगाड्यांनी येत. रात्रभराचा कार्यक्रम बाईच्या सोयीचा होता, कारण ती उजाडल्यावर घरी जाई. अंधारात परतायचा प्रश्नच नव्हता. आता कार्यक्रम दहाला किंवा बाराला संपतो, म्हणजे नेमका एस.टी. नसताना. दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या बाईनं त्या वेळी जायचं कसं? मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा मी रोज पाहते. पण जी गाडी सुटतच नाही तिचं अर्धं तिकीट काय कामाचं?

याच्या उलट मोझरीचं पाहा. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला तीस-पस्तीस किलोमीटरवर तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम. पुण्यतिथीची मौन श्रद्धांजली असते दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. लाखभर पायांचा आवाज एकदम थांबतो. त्या दिवसांत तिथं बाया घोळक्यांनी येतात, मुक्काम करतात, खंजेरीवर भजनं म्हणतात. ग्रामगीतेत बायांच्या उन्नतीवर एक सबंध अध्याय आहे, म्हणून त्या येतात असं भाषणांत सांगितलं जातं. मला वाटतं त्या येतात कारण तिथं रात्री पडायला जागा आहे, आजूबाजूला बायाच बाया आहेत आणि ‘देवाचं’ म्हटल्यावर घरून अडवता येत नाही. देवाचं नाव न घेता नुसतं गाणं ऐकायला जायचं असेल तर ही तिन्ही कारणं एकदम गळून पडतात.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याच्या कावडी येतात. रात्रभर ढोल. असा ठेका दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळेल. रस्त्यावर बहुतेक पोरं, बाया ओट्यांवर आणि गच्च्यांवर. अकोल्याच्या मोठ्या सभागृहाला प्रमिलाताई ओकांचं नाव आहे. नाव बाईचं आहे ही चांगलीच गोष्ट. सभागृहांच्या बाबतीत माझी तक्रार साधी आहे : आमच्या भागातल्या एका सभागृहात बायांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो कार्यक्रम सुरू झाल्यावर सापडत नाही. तीन तासांच्या गाण्याला बाई पाणी न पिता येते. बरोबरचे पुरुष म्हणतात, बायांना मध्यंतरानंतर रस राहत नाही.

आणि भुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर वऱ्हाडातल्या पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर भुलाबाईची गाणी म्हणतात, मग खिरापत ओळखायची. सासर-माहेराचं सगळं दुखणं त्या गाण्यांत आहे, आणि सासरच्या ओसरीत बसून ते मोठ्यानं म्हणायची मुभा आहे. नव्यानं आलेल्या सुनेला गल्ली कळते ती त्या महिन्यात. मला तरी तशीच कळली. अपार्टमेंटं झाली तसं हे कमी झालं. काही ठिकाणी मंडळांनी स्टेज घालून स्पर्धा सुरू केल्या आहेत, त्यात बक्षीस द्यायला पाहुणे पुरुष असतात. हे मला अजिबात आवडत नाही.

बैठकीत हा विषय काढला की हमखास कुणीतरी म्हणतं : कापसाला भाव नाही, कर्जापायी माणसं मरताहेत, आणि तुमचं गाणं काय घेऊन बसलात? म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्या गटात येणाऱ्या एका बाईचा नवरा कर्जापायी गेला. दोन एकर कोरडवाहू, दोन मुली. ती गावातल्या भजनी मंडळात खंजेरी वाजवायची, आणि चांगली वाजवायची. तेरवी झाल्यावर मंडळातल्या बायांनी तिला बोलावणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही, ‘बरं दिसत नाही’ एवढंच. हळदीकुंकू बंद, भुलाबाईला बोलावणं बंद, भजन बंद. सरकारी मदतीचे अर्ज आम्ही भरले, त्यासाठी तहसिलात खेटे घातले. दीड वर्षानं ती म्हणाली, ‘पैशाचं होईन कसंबी. पण संध्याकाळी कुठी जाऊ मी, ते सांगा.’ अर्जात तो रकाना नव्हता. पुढच्या पुण्यतिथीला ती आमच्याबरोबर एस.टी.नं मोझरीला आली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून खंजेरी हातात घेता आली. गावातलं बोलावणं अजून सुरू झालेलं नाही. मंडळातल्या बायांशी बोलणं चालू आहे. त्यांतल्या दोघी स्वतः विधवा आहेत आणि त्याच सर्वांत जास्त विरोध करतात.

म्हणून मागण्या अगदी बारक्या करायच्या असं आम्ही ठरवलं. पोस्टरवर कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेबरोबर संपायची वेळ छापा. शेवटच्या गाडीआधी अर्धा तास आटपा, नाहीतर मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी डेपोकडून जादा गाडी मागा. लग्न-जत्रांना गाड्या मिळतात, मग गाण्याला का नाही? बायांची जागा कडेच्या कोपऱ्यात दोरी बांधून नको, पुढं हवी. पास ऑफिसांबरोबर बचतगटांनाही द्या. संडासाची किल्ली कार्यक्रम संपेपर्यंत एका बाईकडे ठेवा. अकोल्यातल्या एका आयोजकानं यातल्या दोन गोष्टी लगेच मान्य केल्या. अमरावतीतल्या एकानं विचारलं, ‘पण ताई, एवढ्या बाया येतात कुठं?’

दुसरं काम आपलं आपणच करायचं आहे. अकोल्याच्या मैत्रिणींनी एका वहीत यादी सुरू केली आहे : कुठल्या वस्तीत कधी काय गायलं-वाजवलं जातं, किती वाजता संपतं, परत कसं यायचं, तिथली ओळखीची बाई कोण. भीमगीतं आहेत, उरुसातली कव्वाली आहे, नवरात्रातलं कीर्तन आहे, कॉलेजातल्या गाण्याच्या बाई दर महिन्याला घरी बैठक घेतात तीही आहे. गावात नवी सून आली, बदलीवर नर्स किंवा शिक्षिका आली की तिला ही वही दाखवायची. अमरावतीची वही निम्मी झाली आहे. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि बाळापूरची पानं कोरी आहेत. तिथल्या वाचकांनी पुढच्या अंकाच्या आत कळवावं, परतीच्या गाडीच्या वेळेसकट.