चेंडू उचलू नका, साहेब

गेलं वर्षभर मला गोल्फचं खूळ लागलंय. ऑफिसातल्या दोघांच्या नादाने सुरू केलं, ते दोघे कधीच सुटले, मी अडकलो. तुम्ही म्हणाल, बड्या लोकांचे चोचले. असतील बुवा. पण शनिवारी पहाटे साडेपाचला उठून रेंजवर जाताना तसं काही वाटत नाही.

ड्रायव्हर सगळ्यांना आवडतो, कारण आवाज मस्त होतो. स्कोअरची वाट लागते ती आयर्नने. माझं सेव्हन आयर्न रेंजवर झकास चालायचं. कोर्सवर तोच माणूस, तोच क्लब, आणि चेंडू वीस पावलांवर! एकतर मागची माती उकरायची, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर टपली बसून तो गवतातून सरपटायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर माझ्या मशीनवर चालतंय, प्रॉडक्शनला बोंब.

मग कुठलाही इंजिनिअर करतो तेच केलं, हार्डवेअर बदललं. साठ हजार गेले. नवं सेव्हन आयर्न लांब जातं म्हणे. जाणारच! पूर्वी सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा, आता बऱ्याच सेटमध्ये तो ३० किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे जुन्याच क्लबवर नवा आकडा कोरलाय. व्हर्जन नंबर वाढवून तेच सॉफ्टवेअर विकायची कला आपल्याच धंद्यात आहे असं मला उगाच वाटायचं. :)

माती मात्र उकरली जातच होती.

शेवटी बॅग वाहणाऱ्या कॅडीकाकांना राहवलं नाही. म्हणाले, "साहेब, चेंडू उचलू नका. खाली मारा, तो आपसूक वर जातोय."

मला ते पटायला महिना लागला. चेंडू वर न्यायचाय म्हणून मी मागच्या पायावर रेलून त्याला चमच्याने काढल्यासारखा उचलत होतो. वर न्यायचं काम क्लबच्या उताराचं आहे, माझं नाही. चांगल्या प्रोचं सेव्हन आयर्न चेंडूला लागताना साधारण ४ अंश खाली जात असतं आणि तरी चेंडू १६ अंशांनी वर उडतो, मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरत. आधी चेंडू, मग जमीन. उखडलेल्या गवताचा खड्डा, म्हणजे डिव्हट, चेंडूच्या पुढे पडायला हवा.

आणि इथेच रेंजवरची मॅट आपल्याला फसवते. क्लब दोन इंच मागे आपटला तरी प्लास्टिकवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो, फटका बरा जातो, आपण खूश. खऱ्या गवतात तोच क्लब रुततो. माझं वर्षभराचं कौतुक त्या मॅटचं होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता सरावाच्या गवतावर चुन्याची रेघ मारतो. रेघ पायांच्या मधोमध, चेंडू नाहीच. स्विंग करायचा आणि खड्डा कुठे सुरू झाला ते बघायचं. रेघेच्या मागे असेल तर वजन डाव्या पायावर गेलेलं नाही (मी उजवा आहे). गवत नसेल तर चेंडूच्या वीतभर मागे टॉवेल ठेवा. तो लागला की कळतंच.

एक गोष्ट मात्र सलते. साठ हजारांच्या सेटने जे सांगितलं नाही ते सांगणारे काका मला 'साहेब' म्हणतात, आणि मी त्यांना पहिले सहा महिने काही विचारलंसुद्धा नव्हतं. वास्तविक १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडीच होता. हे मला माहीत होतं, तरी मी रात्र रात्र व्हिडिओ बघत बसलो.

परवा काकांच्या हातात क्लब दिला. त्यांनी चपला बाजूला काढल्या, एकदाच फिरवला. खड्डा रेघेच्या चार बोटं पुढे, रुपयाच्या नाण्याइतका पातळ.

माझे दहापैकी तीन पुढे पडले. बाकीच्या सातांत वाळू भरून घरी आलो.