खतन्याआधी आकडा विचारा

माझ्या मामूंचं लहानपणी खतन्यानंतर तीन दिवस रक्त थांबलं नव्हतं. हे मला कळलं कधी? माझा दोन वर्षांचा भाचा खतन्यानंतर चौथ्या दिवशीही रुग्णालयात होता तेव्हा. नानीला माहीत होतं, अम्मीला माहीत होतं. माझ्या बहिणीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लग्नाच्या वेळी ‘रक्तात दोष’ ही गोष्ट घराबाहेर जायला नको होती ना!

तपासणी झाली नव्हती असंही नाही. बीटी-सीटी केली होती, नॉर्मल आली होती. इथेच आपण फसतो. हिमोफिलियात बीटी सहसा नॉर्मलच असते आणि सौम्य प्रकारात सीटीच काय, एपीटीटीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. लागते ती थेट फॅक्टरची तपासणी: ‘ए’ प्रकारासाठी फॅक्टर आठ, ‘बी’साठी फॅक्टर नऊ. भाच्याचा फॅक्टर आठ निघाला 12 टक्के.

1 टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, 1 ते 5 मध्यम, 5 ते 40 सौम्य. अशा मर्यादा मी रोज कोडमध्ये लिहितो, म्हणून सांगतो: रेषा माणसाने सोयीसाठी आखलेली असते. 6 टक्के आणि 38 टक्के दोघेही ‘सौम्य’च. हा शब्द रोजच्या जगण्यापुरता खरा आहे. अशा मुलाच्या सांध्यात सहसा आपोआप रक्त उतरत नाही. पण ब्लेड लागलं, दाढ काढली, गाडीवरून पडला, की जीवावर बेतू शकतं. तीव्र आजार बहुतेकदा रांगत्या वयातच उघड होतो. सौम्य आजार पहिल्या शस्त्रक्रियेपर्यंत लपून राहतो आणि आपल्या मुलांची पहिली शस्त्रक्रिया म्हणजे खतना.

उपाय नाही असंही नाही. तीव्र रुग्णांना रक्तस्राव होऊच नये म्हणून नियमित फॅक्टर किंवा कातडीखाली एमिसिझुमॅब देतात. सौम्य ‘ए’मध्ये काहींना डेस्मोप्रेसिनने शरीरातलाच साठलेला फॅक्टर बाहेर काढता येतो. नाहीतर शस्त्रक्रियेआधी फॅक्टर आठ द्यायचा. किलोमागे 1 युनिट दिलं की पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. 12 किलोच्या मुलाची पातळी 40 टक्क्यांनी वाढवायला सुरुवातीला 240 युनिट लागतात. म्हणजे 250 युनिटची एक कुपी. नानीने एक वाक्य बोललं असतं, तर डॉक्टरांनी ती आधीच मागवली असती.

काहींना ही दीनमधली ढवळाढवळ वाटेल. हजार वर्षांपूर्वी अंदलुसच्या अल-जहरावींनी ‘अत-तस्रीफ’मध्ये किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरणाऱ्या एका खेड्यातल्या पुरुषांची नोंद केली. खतना कसा करावा, हेही त्यांनी त्याच ग्रंथात लिहिलं. जीवाला धोका असेल तर खतना पुढे ढकलण्याची मुभा फिकहमध्ये आहे. खतना करू नका असं मी म्हणतच नाही. आईच्या माहेरी कुणाला असं रक्त गेलं असेल, तर आधी फॅक्टर तपासा. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. त्यांना हा इशारा मिळतच नाही. आपल्याला मिळाला होता, आपण तो दडपला.

आणि बाई फक्त ‘वाहक’ असते, हेही सोडून द्या. 2021 पासून आंतरराष्ट्रीय वर्गवारीत 40 टक्क्यांहून कमी फॅक्टर असलेल्या स्त्रीलाही हिमोफिलियाची रुग्णच धरतात. माझ्या बहिणीचा आकडा 34 आहे. बाळंतपणात तिला किती रक्त गेलं होतं, ते तेव्हा सगळ्यांनी ‘कमजोरी’वर ढकललं.

धाकट्या बहिणीचा रिपोर्ट यायचा आहे. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. अम्मी म्हणते, निकाहपर्यंत गप्प राहा. ती म्हणते, बोलणी व्हायच्या आधीच सांगणार. घरात दोन आठवडे यावरून भांडण चालू आहे, आणि मी तिच्या बाजूने आहे.