मुहूर्त कुणाचा, सही कुणाची?

पिंपरी-चिंचवडच्या वस्तीचा इतिहास हा मुळात बाहेरून आलेल्यांचा इतिहास आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आले, आणि सातारा-सांगलीपासून मराठवाडा-विदर्भापर्यंतचे तरुण या पट्ट्यात उतरले. आधी नोकरी, मग खोली, आणि खोली मिळाली की गावी जाऊन बायकोला घेऊन यायचे, असा क्रम होता. तिला आणण्यासाठी एस.टी.चे तिकीट पुरत असे. कोणा सरकारची परवानगी लागत नव्हती.

या कामगारांची मुले शिकली आणि पुढे गेली. शेजारी हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले आणि अमेरिका-जर्मनी ही नावे निगडी-प्राधिकरणातल्या घरांत नाशिक-कोल्हापूरइतकी सवयीची झाली. क्रम मात्र तोच राहिला: मुलगा आधी जातो, बायको मागून जाते. फरक इतकाच की, ती केव्हा जाणार आणि गेल्यावर तिचे तिथे काय स्थान असणार, हे आता दुसऱ्या देशाचा कायदा ठरवतो. आपल्या लग्नाच्या बोलण्यांत या कायद्याला जागाच नसते, ही माझी तक्रार आहे.

स्थळ सांगून येते, ‘मुलगा अमेरिकेत आहे, ग्रीनकार्ड आहे’ एवढे कळते आणि मुलीकडची मंडळी खुलतात. मी अशा अनेक बैठकींना वडीलधारा म्हणून बसलो आहे. पगार विचारला जातो, घर स्वतःचे की भाड्याचे हे विचारले जाते, पत्रिका तर जुळवलेलीच असते. ग्रीनकार्ड हाती कधी आले, हा प्रश्न विचारलेला मी क्वचितच ऐकला. आणि खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेच्या कायद्यात नवऱ्यांच्या तीन जाती आहेत. नागरिक असलेल्याच्या पत्नीला संख्येची मर्यादा नाही. कागदपत्रांना लागेल तेवढा वेळ लागतो, पण रांग नसते. ग्रीनकार्डधारकाच्या पत्नीला मात्र वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. ही रांग कधी वाहती असते, कधी तुंबते. २००० साली ती इतकी तुंबली होती की, तीन वर्षांहून अधिक काळ ताटकळलेल्या पत्नींसाठी तिथल्या संसदेला वेगळा तात्पुरता व्हिसा निर्माण करावा लागला. २०१९ च्या जुलैपासून जवळजवळ चार वर्षे रांग मोकळी होती, एप्रिल २०२३ मध्ये ती पुन्हा अडली. तोवर भेटीचा व्हिसाही सहजी मिळत नाही, कारण ही बाई परत येणार नाही असे अधिकारी गृहीत धरूनच बसलेला असतो. तिसरी जात एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याची. त्याचे स्वतःचेच बस्तान बसलेले नसते, पण त्याची पत्नी एच-४ व्हिसावर थोड्याच दिवसांत विमानात बसू शकते.

गंमत अशी की, नोकरीच्या आधारे ग्रीनकार्ड मिळण्याच्या आधी लग्न झालेले असेल, तर पत्नीला त्याच अर्जाच्या आधाराने ग्रीनकार्ड मिळते. लग्न त्यानंतर झाले, तर ती रांगेत जाते. म्हणजे ज्या तारखेवरून दोघांनी एकत्र राहायचे की वेगळे हे ठरते, ती तारीख पंचांगात नसतेच. गुरुजींनी काढलेला मुहूर्त ग्रीनकार्डाच्या तारखेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहणे निदान गुण जुळवण्याइतके तरी महत्त्वाचे आहे.

प्रश्न केवळ वाट पाहण्याचा असता, तर एवढे लिहायचे कारण नव्हते. या साऱ्या व्यवस्थेत अर्ज करणारा नवरा असतो. सही त्याची आणि अर्ज मागे घेण्याची मुभाही त्याचीच. एच-४ वर गेलेल्या मुलींना २०१५ पर्यंत नोकरीच करता येत नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून काहींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचा ग्रीनकार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोचला असेल तर. नवऱ्याची नोकरी गेली तर त्याला दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि तेवढेच तिलाही. ज्या मुलीने इकडे आकुर्डीत किंवा चाकणला स्वतःच्या पगारावर घरचे हप्ते फेडले, तिची ओळख तिथे ‘अवलंबित’ या एका शब्दात होते. हा शब्द फक्त व्हिसावरच राहतो असे नाही. तो हळूहळू घरातही येतो.

कायदा सर्वस्वी निर्दय आहे असेही नाही. कायम वास्तव्यासाठी पत्नीला नेणाऱ्या नवऱ्याला अमेरिकेत आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाइतका तिचा निर्वाह करण्याचे हे बंधन आहे, आणि घटस्फोटाने ते संपत नाही. ती नागरिक होईपर्यंत, सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत किंवा तिने देश सोडेपर्यंत ते टिकते. त्यावर ती स्वतः न्यायालयात जाऊ शकते. तसेच १९९४ च्या एका कायद्याने, नागरिकाच्या किंवा ग्रीनकार्डधारकाच्या छळाला बळी पडलेल्या पत्नीला त्याच्या सहीवाचून स्वतः अर्ज करण्याचा हक्क दिला आहे. हे हक्क आपल्याकडच्या किती आई-वडिलांना ठाऊक असतात?

जर्मनीची तऱ्हा वेगळी. २००७ पासून तिथे जाणाऱ्या पत्नीला साधारणपणे प्राथमिक जर्मनची परीक्षा द्यावी लागते. नवरा ब्लू कार्डधारक असेल तर त्यातून सूट मिळते. मात्र गेल्यावर तिला नोकरीचा हक्क असतो. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणींपैकी एक स्टुटगार्टला नोकरी करते आणि दुसरी न्यू जर्सीत खिडकीशी बसते, यात कर्तृत्वाचा फरक नसून कायद्याचा असू शकतो.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपले अंगणही पाहिले पाहिजे. आता या पट्ट्यात परदेशी सुना आणि जावईही दिसतात. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला आधी एंट्री व्हिसावर राहावे लागते. नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झाल्यावर त्याला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. पण न्यायालयाने विवाह मोडला की, या नात्याने मिळालेले ते कार्ड रद्द होऊ शकते. म्हणजे आपल्याही कायद्याने माणसाचे इथले मूळ लग्नाच्याच एका दोरीला बांधले आहे.

ही दोरी तुटली की काय होते, हे आपल्या न्यायालयांनी कधीच ओळखले आहे. परदेशी न्यायालयाने आपल्या विवाहकायद्याबाहेरच्या कारणावर दिलेला घटस्फोट इथे मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. १९९४ मध्ये, अमेरिकेतील नवऱ्याने टाकलेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, अशा स्त्रियांसाठी संसदेने कायदा करावा असे त्याने सुचवले. २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये विधी आयोगाला पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस करावी लागली. एक सूचना तीस वर्षांनी पुन्हा करावी लागते, यातच सारे आले.

सरकार जागे होईल तेव्हा होईल. तोवर मुलीकडच्यांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. मुलाचा तिथला नेमका दर्जा कोणता आणि तो कधीपासून, हे कागद पाहून समजून घ्यावे. विवाहाची नोंदणी लगेच करावी. अर्जाच्या आणि हमीपत्राच्या प्रती मुलीजवळ असाव्यात, तिचा पासपोर्ट तिच्याच हाती असावा, आणि तिथे तिला काम करता येईल का, हे साखरपुड्याच्या आधी कळावे. मुलाचा हेतू शुद्ध असेल, तर यात त्याला वाईट वाटण्यासारखे काही नाही. नवऱ्याच्या सहीवर मुलीचे परदेशगमन अवलंबून असेल, तर तो कागद तिने आधी वाचलेला असावा. सोन्याची यादी करताना आपण जितके काटेकोर असतो, तितकी काळजी इथेही घ्यायला हवी.