गडद की फिकट? आधी जुना थर पाहा

दसरा-दिवाळी जवळ आली, की पुणे-सोलापूर महामार्गावरच्या पाटसमध्येही घराघरांत रंगकामाची चर्चा सुरू होते. हल्ली तीन भिंती फिकट आणि एक गडद ठेवण्याची हौस आहे. ती तांबडी असावी की निळी, यावर घरात दोन तट पडतात. पण हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. तो उजेडाचा आणि आरोग्याचाही आहे.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश खोलीत परत पाठवते. गर्द निळी किंवा तपकिरी भिंत जेमतेम १० टक्के. एकाच खिडकीच्या खोलीत खिडकीसमोरची भिंत गडद केली, तर दिवसाही दिवा लावावा लागतो. वय वाढले की डोळ्यांना जास्त उजेड लागतो. म्हणून मुलांच्या अभ्यासाच्या आणि वडीलधाऱ्यांच्या खोलीत फिकट रंगच बरा. विरोधी रंगाचा खरा उपयोग दाराची चौकट, पायरीची कड आणि विजेची बटणे उठून दिसावीत यासाठी करावा.

याहून गंभीर बाब आहे ती शिशाची. पिवळा, नारिंगी, तांबडा अशा भडक छटांसाठी ऑइलपेंटमध्ये शिशाची संयुगे वापरली जात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असण्यास बंदी आहे आणि तसा उल्लेख डब्यावर असणे बंधनकारक आहे.

मात्र नियमापूर्वीचे थर दारे, खिडक्या आणि स्वयंपाकघरात कमरेपर्यंत लावलेल्या ऑइलपेंटमध्ये आजही असू शकतात. ते कोरडे घासले की धूळ उडते, जमिनीवर बसते आणि रांगत्या बाळाच्या हातांतून तोंडात जाते. रंगाऱ्याच्या नाकातोंडातही तीच जाते. त्यामुळे जुना थर पाणी मारून ओलाच घासावा, रंगाऱ्याने चांगला मास्क लावावा, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि काम संपेपर्यंत मुले व गरोदर महिलांना दुसरीकडे ठेवावे.

रंगाच्या दुकानात शेडकार्ड मागण्याआधी डब्यावरचा शिशाबाबतचा मजकूर वाचायला हवा. रंग कोणता, हे त्यानंतर ठरवले तरी चालेल.