धानाच्या पैशावर उभे राहिलेले हास्य

अमेरिकेतील चेरोकी कुटुंबात १८७९ साली जन्मलेला विल रॉजर्स हा मूळचा गुराखी. गुरांना फास टाकण्याचे कसब घेऊन तो रंगमंचावर आला आणि दोर फिरविता फिरविता सत्ताधाऱ्यांची थट्टा करू लागला. वृत्तपत्र, रेडिओ, चित्रपट ही सारी साधने पुढे त्याच्या सेवेस हजर झाली. १९३५ साली विमान-अपघातात त्याचा अंत झाला, तोवर तो घराघरांत पोहोचला होता.

आपल्याकडे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीत विनोदी नटाच्या हाती अशी साधने कधीच नव्हती. धान कापून झाले, दिवाळीनंतरच्या मंडया भरू लागल्या, की दिवसा शंकरपटात बैल धावतात आणि रात्री त्याच गावात पहाटेपर्यंत नाटक रंगते. तिकिटाचे पैसे येतात ते धानातून. शासनाचे अनुदान वा शहरी रसिकतेची शिफारस यांच्यावाचून चाललेली ही रंगभूमी आहे, हे पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी क्वचितच ध्यानात घेतले.

कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे या रंगभूमीचे विनोदवीर. लोकांनी त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हटले. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका या कर्तृत्वाबद्दल २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव रास्तच होय. मात्र दिल्लीच्या कितीतरी आधी धान्य विकून तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने तो केला होता.

प्रश्न आहे तो त्यांच्यामागे रात्रभर राबणाऱ्यांचा. नट-नटी, वादक, पडदे बांधणारे या सर्वांचे उत्पन्न हंगामी. पीक बुडाले की तिकीट-विक्री घटते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबविल्या तेव्हा रात्रीच्या नाटकाचे दिवसाचे निमित्तच गेले. २०२० च्या टाळेबंदीत तर रंगमंचच बंद पडला. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची राज्याची योजना आहे खरी. पण ती पन्नाशीनंतरची. तिशीतल्या ढोलकीवाल्याने पावसाळा कशावर काढावा, याचे उत्तर तिच्यात नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील असंघटित कामगारांसाठीच्या तरतुदींचा लाभ या मंडळींना मिळवून देण्यासाठी वडसा आणि अर्जुनी-मोरगाव येथे नोंदणीची मोहीम हाती घेण्यास कोणाची परवानगी लागणार नाही. तालुका कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वीच, मंडळे करार करावयास बसतात तेव्हा, त्यांच्याकडे अर्ज घेऊन जावे.